मुंबई ते रत्नागिरी किनाऱ्याच्या रस्त्याने: वेळापत्रक किती आखावे आणि किती मोकळे सोडावे?

दादरकर (प्रश्न)

आम्ही चार मित्र होळीनंतरच्या आठवड्यात दादरहून मोटारीने निघून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जाणार आहोत. महामार्गाचा प्रवास आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून या वेळी अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, हर्णे, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे अशी वाट धरायची आणि परतताना मात्र महामार्ग घ्यायचा, एवढे पक्के झाले आहे. वाटेतल्या चार खाड्या फेरीबोटीत गाडी चढवून ओलांडाव्या लागतात, याची कल्पना आहे: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड.

आमची अडचण वाटेची नसून स्वभावांची आहे. आमच्यातील एकाने संगणकावर तक्ता केला असून त्यात किल्ल्याला किती मिनिटे, जेवणाला किती आणि समुद्राकडे बघत बसायला किती, हेही लिहून ठेवले आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, काहीही न ठरवता निघावे. ज्या गावात संध्याकाळ होईल तिथे मुक्काम करावा. उरलेले दोघे, म्हणजे मी आणि गाडीचा मालक, या दोघांच्या मधे बसून वाद ऐकत आहोत. यापूर्वीच्या सहलींत आम्ही स्थळे भरपूर पाहिली. परंतु परतल्यावर घरच्यांना सांगण्यासारखे माणसांचे अनुभव फारसे नव्हते, ही खंत चौघांचीही आहे.

ज्यांनी ही वाट केली आहे त्यांना विचारायचे ते असे: या रस्त्यावर कोणत्या गोष्टींची वेळ खरोखरच पाळावी लागते, आणि कोणत्या गोष्टी नशिबावर सोडल्या तर चालतात? आणि तुम्हाला वाटेत अचानक कोण भेटले? हॉटेलांच्या याद्या मिळाल्या आहेत, त्या नकोत.

भाऊचा धक्का

या वाटेवर घड्याळापेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडते, आणि तक्ता करणाऱ्या तुमच्या मित्राला ते पटले तर बाकीचा वाद आपोआप मिटेल.

किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. पक्षातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ हाती येते. षष्ठीला पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास भरती असते, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे साधारण पावणेअकराला, ओहोटी. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या पुढे. दररोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे गणित अंदाजाचे आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहून घ्यावे. पण आखणी करण्यापुरते ते पुरेसे ठरते.

याचे कारण हरिहरेश्वर. तिथे देवळामागून कातळाच्या अरुंद घळीतल्या पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने डोंगराला प्रदक्षिणा घालता येते. लाटांनी कोरलेल्या त्या खडकाच्या जाळ्या आणि पोकळ्या हेच माझ्या मते तिथले खरे दर्शन आहे. ती वाट फक्त ओहोटीला खुली असते. भरतीच्या वेळी तिथे लाटांनी माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना झालेल्या आहेत, त्यामुळे देवळातले लोक ‘आता जाऊ नका’ म्हणाले तर हुज्जत घालू नये. तुम्ही रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला, मुंबई सोडलीत आणि त्या रात्री श्रीवर्धन परिसरात मुक्काम केलात, तर षष्ठीला सकाळी दहा-साडेदहाला प्रदक्षिणेची वाट उघडी मिळेल. तेच दोन दिवस उशिरा गेलात तर भर दुपारी, मार्चच्या उन्हात तापलेल्या कातळावरून चालावे लागेल.

मुंबईतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसह रो-रो बोटीने मांडव्याला उतरावे, किंवा शिवडीहून अटल सेतूने चिरल्याला जाऊन पेण-वडखळ मार्गे अलिबाग गाठावे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून नवी मुंबईतला वळसा टळतो हे खरे. पण चौघे मित्र असताना मी बोटच निवडेन. तिचे तिकीट मात्र आधी काढून ठेवावे लागते, विशेषतः सुट्टीच्या दिवसांत.

जंजिऱ्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते आणि परत निघण्याची वेळ होडीवाला ठरवतो, तुम्ही नाही, एवढे तक्त्यात नोंदवावे.

आता अचानक भेटलेल्या माणसांविषयी. माझ्या बहुतेक भेटी फेरीबोटीच्या धक्क्यांवर झाल्या, कारण तिथे गाडी रांगेत लावल्यावर कोणालाच दुसरे काही करता येत नाही. बागमांडल्याला एकदा आमच्या पुढे एक टेम्पो उभा होता आणि त्यात मृदंग, झांजा, रंगीत झगे आणि दहा-बारा तरुण. नमन-खेळे या कोकणातल्या लोकनाट्याचे मंडळ होते; शिमग्यासाठी गावोगावी फिरत होते. बोलता बोलता कळले की त्यातला मृदंग वाजवणारा लोअर परळला एका कार्यालयात शिपाई आहे आणि दोघे डिलाईल रोडवर राहतात. वर्षभर लोकलमध्ये आम्ही एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलो असू, आणि ओळख झाली ती सावित्रीच्या खाडीवर. बोट यायला उशीर होता, तेव्हा त्यांनी धक्क्यावरच गणाचा, म्हणजे सुरुवातीच्या गणेशवंदनेचा, काही भाग म्हणून दाखवला. वेसवीला उतरल्यावर ते एका दिशेला गेले आणि आम्ही दुसऱ्या.

म्हणून माझा सल्ला असा आहे की प्रत्येक फेरीसाठी तक्त्यात एक तास मोकळा ठेवावा आणि त्या वेळेत गाडीत बसून मोबाइल पाहण्याला बंदी असावी. दाभोळला तर तो तास सत्कारणी लावण्यासाठी धक्क्याजवळच जुनी, मोठ्या घुमटाची काळ्या दगडातली मशीद आहे. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातले मोठे बंदर होते, हे आजचा शांत धक्का पाहून कोणाला खरे वाटत नाही.

गिरणगावकर

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण काहीही न ठरवता निघणाऱ्या मित्राला आवरा. शिमग्याच्या दिवसांत गावातली घरे चाकरमान्यांनी भरलेली असतात आणि रात्री नऊनंतर खोली शोधत अनोळखी घाटवळणांवर गाडी चालवणे यात कसलेही साहस नाही. मुक्काम ठरवून ठेवा आणि दिवस मोकळा ठेवा. इंधन श्रीवर्धन आणि दापोली अशा मोठ्या गावांत भरून घ्या, आणि रोख पैसे जवळ असू द्या. लहान गावांत मोबाइलची रेंज गेली की ऑनलाइन पैसे देण्याची सोयही जाते.

चौलची वाट

अलिबाग ते मुरूड हा टप्पा बहुतेक लोक तासा-दीड तासात उरकून टाकतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मुंबईपासून इतक्या जवळ इतक्या निरनिराळ्या समाजांच्या खुणा एका रस्त्यावर क्वचितच सापडतील.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. गलबत फुटून किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरा सांगते, आणि बुडालेल्यांना जिथे पुरले असे मानतात तिथे स्मारक उभारलेले आहे. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे याच परिसरातल्या गावांवरून आलेली आहेत. मुंबईतले सर्वांत जुने सिनेगॉग मस्जिद बंदरजवळ आहे आणि ते १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर याच समाजाचे होते. त्या भागातून मालाची ने-आण करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले असेल, हा वेगळाच प्रश्न. नवगावला आम्ही पोहोचलो तेव्हा एक वृद्ध जोडपे आणि त्यांची नात तिथे आलेली होती. इस्रायलमध्ये स्थायिक होऊन आयुष्य गेले, तरी आजोबांची मराठी अस्सल रायगडी होती आणि वडिलांच्या वाडीतल्या विहिरीचा ठावठिकाणा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. आम्ही आमची गाडी त्यांच्या दिमतीला दिली. विहीर सापडली नाही, पण ती वाडी एका म्हाताऱ्या बाईंनी ओळखली आणि मग पुढचा सगळा वेळ त्या दोघांनी कोण कुठे गेले याची उजळणी करण्यात घालवला. आमचा त्या दिवशीचा जंजिरा राहिला, त्याचे कोणालाही वाईट वाटले नाही.

तिथून पुढे चौल-रेवदंडा. पोर्तुगीज तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. रेवदंड्याचा पूल ओलांडून साळावला आलात की उजवीकडे कुंडलिकेच्या मुखावर कोर्लईचा किल्ला दिसतो. वसईच्या मोहिमेनंतर १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले; पोर्तुगीज सत्ता गेली, मात्र किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही घरात बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञ तिला कोर्लई क्रिओल म्हणतात. किल्ल्यावरून उतरताना वाळत घातलेल्या सुकटीपाशी बसलेल्या दोन बायकांचे बोलणे आमच्या कानांवर पडले. सूर ओळखीचा आणि शब्द एकही नाही. आम्ही थांबलो, तेव्हा त्यांनी लगेच मराठीत ‘दीपगृह बघितलंत का’ असे विचारले आणि आमच्यातल्या एकाने बोलीविषयी विचारल्यावर दोघी हसू लागल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अचानक माणसे भेटावीत ही तुमची इच्छा मला समजते, परंतु ही वस्ती म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. ‘तुमच्या भाषेत काहीतरी बोलून दाखवा’ असे म्हणत मोबाइल पुढे करणारे पर्यटक तिथे येऊ लागले आहेत आणि गावकऱ्यांना त्याचा कंटाळा आलेला दिसतो. सुकट विकत घ्यावी, वाट विचारावी, बोलणे निघाले तर बोलावे.

दादरकर

सर्वांचे आभार. तक्ता करणाऱ्या मित्राने पंचांग काढले असून आता त्याच्या तक्त्यात तिथीचा रकाना आला आहे, त्यामुळे वाद कमी झाला आहे असे म्हणता येत नाही. षष्ठीला हरिहरेश्वर करून त्याच दिवशी बागमांडला-वेसवी फेरीने पलीकडे उतरलो, तर संध्याकाळपर्यंत वेळासला कासवांसाठी पोहोचता येईल का? आणि शिमग्याच्या पालख्यांमुळे रस्ते अडतात असे ऐकले, ते कितपत खरे?

वाळूतली पावले

वेळासला पोहोचण्यात अडचण नाही. वेसवीहून बाणकोटमार्गे अंतर थोडे आहे, आणि वेळ उरला तर बाणकोटचा लहानसा किल्लाही पाहून होतो. अडचण आहे ती कासवांच्या मर्जीची.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंडी घालते आणि परत फिरते. पिल्ले साधारण ४५ ते ५५ दिवसांनी बाहेर येतात. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. अंडी कुंपणाच्या आत तयार केलेल्या घरट्यांत हलवतात आणि बाहेर आलेली पिल्ले सकाळी व संध्याकाळी समुद्राकडे सोडतात. कोणत्या दिवशी किती पिल्ले निघतील हे कोणी सांगू शकत नाही. आम्ही गेलो त्या संध्याकाळी घरट्यावरची टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. शहरातून आलेल्या काही मंडळींनी तिथल्या कासवमित्राला पैसे वाया गेल्याचे ऐकवले, आणि त्याने अत्यंत शांतपणे उत्तर दिले की तो रोज पहाटे चारला किनारा चालतो आणि त्यालाही रोज काही दिसत नाही.

तो रात्री आमच्याच यजमानांच्या पडवीत जेवायला आला. ओल्या काजूगरांची उसळ होती. जेवणानंतर त्याने मादीच्या पावलांचे ठसे कसे ओळखायचे, खरे घरटे आणि नुसती उकरलेली वाळू यांतला फरक काठीने कसा कळतो, हे अंगणात रेघा काढून समजावले. आमच्यातला एक जण त्याच्यासोबत पहाटे गेला, बाकीचे झोपले. सकाळी सहा पिल्ले निघाली. सोडताना दोरीच्या अलीकडे उभे राहावे, फ्लॅश वापरू नये आणि पिल्लाला हात लावू नये, एवढे नियम आहेत.

वेळासला हुकले तर निराश होऊ नका. पुढे आंजर्ले आणि गुहागर इथेही घरटी असतात. गुहागरच्या किनाऱ्यावर तर २०२५ मध्ये अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परांना धातूची पट्टी आढळली आणि ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली असल्याचे निष्पन्न झाले. पूर्व किनाऱ्यावरची कासवे पश्चिमेकडे येऊन घरटे करतात याचा असा पुरावा हाती येणे, यापेक्षा अनपेक्षित भेट ती कोणती?

पालख्यांविषयी: होय, रस्ता अडतो आणि तो अडू द्यावा. होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते आणि अनेक गावांत हे कित्येक दिवस चालते. गुहागर तालुक्यात आमच्या गाडीसमोर काळा झगा आणि उंच टोकदार टोपी घातलेला संकासुर उभा राहिला, काठी आपटून त्याने पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिसी, मागितले आणि ते दिल्याशिवाय बाजूला झाला नाही. सुटे पैसे जवळ ठेवा. पालखी जात असेल तर गाडी बंद करून खाली उतरावे; हॉर्न वाजवणाऱ्याला गावात कोणी चांगले म्हणत नाही.

सडेफिरा

सगळे किनाऱ्याबद्दल बोलत आहेत, म्हणून थोडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो. गणपतीपुळ्याला गर्दी असतेच. दर्शन घेऊन शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहावे आणि शेवटचा दिवस रत्नागिरीच्या आसपासच्या कातळशिल्पांसाठी राखावा.

जांभ्याच्या उघड्या सड्यावर प्राचीन माणसाने कोरलेल्या या आकृती गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होत्या. पांडवांनी एका रात्रीत कोरल्या, असे म्हणून त्या सोडून दिल्या जात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावी हिंडून, गुराख्यांना विचारून त्यांची नोंद करायला घेतली, तेव्हा त्यांची व्याप्ती बाहेरच्या जगाला कळली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातली कुडोपी ही ठिकाणे २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षीचा हत्ती पूर्णाकृती आहे. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे १८ मीटर असून त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृतींची दाटी आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही या शिल्पांत आढळतो, आणि त्यावरून किती तर्क लढवले जातात ते तिथे गेल्यावर समजेल.

शिल्पे दिसण्यासाठी तिरके ऊन लागते. सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे. भर दुपारी रेषा कातळात विरून जातात. आम्हाला जांभरूणला वाट सापडत नव्हती, तेव्हा गुरे घेऊन जाणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला नेले. त्यांनी चित्रांकडे फारसे पाहिलेच नाही. त्यांचे लक्ष आमच्या बुटांकडे होते, आणि एकाने रेषेवर पाय ठेवताच त्यांनी काठीने त्याला मागे सारले. तुमच्या तक्त्यात या जागेसमोर मिनिटे लिहू नयेत, अशी विनंती आहे.

रत्नागिरी शहरात थिबा राजवाडा पाहाच. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इथे आणून ठेवले. वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याची समाधीही शहरातच आहे, आणि तिथे कधी कधी म्यानमारहून आलेले यात्रेकरू भेटतात.

भाऊचा धक्का

दादरकर, परतीसाठी एक सूचना. उक्षी शेवटी ठेवलेत तर रत्नागिरीहून निघून सकाळच्या उन्हात हत्ती पाहता येतो आणि तिथून महामार्ग जवळ पडतो. रविवारी संध्याकाळी वडखळ-पेण पट्ट्यात शिमग्याहून परतणाऱ्या गाड्यांची कोंडी ठरलेली असते, त्यामुळे शक्य असल्यास सोमवारी सकाळी निघा. आणि जयगडच्या फेरीला तवसाळच्या बाजूने शेवटची बोट किती वाजता आहे, हे गुहागरमध्येच विचारून घ्या. ती चुकली तर खाडी वळसा घालून ओलांडायला बराच लांबचा रस्ता आहे.